तणनाशक आणि लिव्हर: बशीतल्या पेशी मेल्या, मग माणसाचं काय?

भीमाकाठचा

ऊसपट्ट्यात सध्या दोन वाक्यं कानावर पडतात. एक व्हॉट्सॲपवरून येतं: "तणनाशकानं लिव्हर सडतंय, सगळे लपवतायत." दुसरं दुकानाच्या काउंटरवर ऐकायला मिळतं: "काही होत नाही हो, मिठापेक्षा सौम्य आहे." पुरावा विचारला की दोन्हीकडून उत्तर एकच, "संशोधन झालंय." हे संशोधन म्हणजे बऱ्याचदा प्रयोगशाळेत बशीत वाढवलेल्या लिव्हरच्या पेशींवरचे प्रयोग असतात. मी जीवशास्त्र शिकवतो, मोहोळ तालुक्यात घरचा ऊस आहे आणि बांधावरची हराळी माझ्याही डोक्यात जाते. तेव्हा त्या प्रयोगांत काय दिसतं आणि त्यातलं आपल्या अंगाला किती लागू पडतं, यासाठी हा धागा. लांबलाय, चहा घेऊन बसा.

लिव्हरवरच एवढे प्रयोग का? तोंडावाटे आत गेलेलं बहुतेक सगळं आतड्यातून शोषलं की पोर्टल व्हेननं आधी लिव्हरकडे जातं, मग बाकी शरीराकडे. विषं आणि औषधं मोडणारी सायटोक्रोम पी-४५० ही एन्झाइमंही सर्वांत जास्त तिथंच असतात. मोडताना कधी कधी मूळ पदार्थापेक्षा जहाल तुकडा तयार होतो आणि त्याचा पहिला मार ज्या पेशीत तो तयार झाला तिलाच बसतो.

लिव्हरच्या पेशींचं एक वैशिष्ट्य आहे. एरवी त्या विभाजन न करता स्वस्थ असतात, पण नुकसान झालं की कामाला लागतात. पांढऱ्या उंदराच्या लिव्हरचा दोन तृतीयांश भाग कापला तरी आठ-दहा दिवसांत लिव्हर जवळपास पूर्वीच्या वजनाला येतं. हिगिन्स आणि अँडरसन यांनी १९३१ साली हे पद्धतशीर दाखवलं. म्हणून लिव्हरच्या बाबतीत "पेशी मेल्या" एवढ्यावर गोष्ट संपत नाही. किती मेल्या, कशा मेल्या आणि भरपाई कशी झाली, हे तिन्ही बघावं लागतं.

कशा मेल्या, याचे ढोबळ दोन प्रकार. अपोप्टोसिसमध्ये पेशी आतून आवरतं घेते. मायटोकाँड्रियातून, म्हणजे पेशीच्या वीजघरांतून, सायटोक्रोम-सी नावाचं प्रथिन बाहेर पडतं, कॅस्पेज नावाची एन्झाइमं जागी होतात, डीएनएचे तुकडे पडतात आणि उरलेली पुडकी शेजारच्या पेशी गिळून टाकतात. दाह होत नाही. हे नाव केर, वायली आणि करी यांनी १९७२ मध्ये दिलं. नेक्रोसिसमध्ये पेशीचा पडदाच फुटतो, आतला माल बाहेर सांडतो आणि दाह सुरू होतो. रक्ताच्या रिपोर्टात एसजीपीटी हे लिव्हरच्या पेशींतलं एन्झाइम वाढलेलं दिसतं ते अशा गळक्या, जखमी पेशींमुळे. हे एकदाच झालं तर लिव्हर सावरतं. वर्षानुवर्षं थोडं थोडं होत राहिलं तर लिव्हरमधल्या स्टेलेट पेशी तंतू विणत बसतात, फायब्रोसिस होतो, म्हणजे वण धरतो, पुढे सिरोसिस. शिवाय भरपाईसाठी जितकी विभाजनं जास्त, तितकी डीएनएची नक्कल करताना चूक राहून जाण्याची संधी जास्त.

आता बशीकडे येऊ. बहुतेक प्रयोग हेपजी-२ नावाच्या पेशींवर होतात. अर्जेंटिनातल्या १५ वर्षांच्या एका मुलाच्या लिव्हरच्या गाठीतून १९७० च्या दशकात घेतलेल्या या पेशी आजही जगभर वाढवल्या जातात. त्यांच्यावर तणनाशक टाकायचं, २४ किंवा ४८ तास ठेवायचं, मग एमटीटी नावाचा पिवळा द्राव घालायचा. जिवंत पेशी त्याचं जांभळ्या खड्यांत रूपांतर करतात. खडे विरघळवून रंग मोजायचा. जांभळा कमी, तर जगलेल्या पेशी कमी. यात एक गोम आहे. मायटोकाँड्रिया नुसते मंदावले तरी जांभळा कमी होतो, म्हणून चांगला गट पेशीतलं एलडीएच हे एन्झाइम बाहेर गळतं का, कॅस्पेज जागं झालं का, हेही तपासतो. पेपर वाचताना मी आधी तेच शोधतो. नुसत्या एमटीटीवर "पेशी मेल्या" लिहिलेलं असलं की पान उलटतो.

ग्लायफोसेटचं काय दिसतं? झाडात ते ईपीएसपीएस नावाचं एन्झाइम अडवतं. ते एन्झाइम माणसात नाहीच. मिठापेक्षा सौम्य वगैरे बोलण्याचा पाया हा. नुसतं शुद्ध ग्लायफोसेट टाकलं तर हेपजी-२ पेशी खरंच बऱ्यापैकी तग धरतात, हजारो पीपीएमपर्यंत (दहा लाख भागांत इतके भाग) न्यावं लागतं. पण बाटलीत नुसतं ग्लायफोसेट नसतं. पानावर थेंब पसरावा, आत शिरावा म्हणून त्यात सर्फॅक्टंट असतो आणि जुन्या मिश्रणांत तो बहुधा पीओईए जातीचा. २०१३ साली प्रसिद्ध झालेल्या कामात हे घटक सुटे सुटे तपासले, तर मानवी पेशींना सर्वांत घातक निघाला तो हा सर्फॅक्टंट. त्याच्या ठरावीक पातळीला पेशींचे पडदे फाटतात, म्हणजे मरण नेक्रोसिसच्या बाजूचं. त्याहून कमी पातळीला कॅस्पेज जागं झालेलं दिसतं.

आता आपल्या पंपाचं गणित करा. बाजारातल्या ४१ टक्के एसएल (पाण्यात विरघळणारं द्रव) बाटलीत लिटरला साधारण ४८० ग्रॅम ग्लायफोसेटचा क्षार असतो. १६ लिटरच्या पंपात १०० मिली टाकलं तर पाण्यात लिटरला सुमारे ३ ग्रॅम, म्हणजे ३००० पीपीएम. हे आपल्या हातावर, पाठीवर पडणारं पाणी. शरीरात किती पोचतं? अमेरिकेत मिनेसोटा आणि साउथ कॅरोलिनातल्या ४८ शेतकऱ्यांची लघवी तपासली होती, २००४ मध्ये प्रसिद्ध झालं. फवारणीच्या दिवशी सरासरी ३ पीपीबी आणि एकाची सर्वाधिक २३३ पीपीबी. पीपीबी म्हणजे पीपीएमचा हजारावा भाग. बशीतल्या आकड्यांपासून हे फार खाली आहे. व्हॉट्सॲपवाले हे अंतर सांगत नाहीत. आणि त्याच अभ्यासात हातमोजे न घालणाऱ्यांच्या लघवीत जास्त सापडलं, हे काउंटरवाले सांगत नाहीत.

माझं म्हणणं एवढंच की "ग्लायफोसेट सुरक्षित का घातक" हा प्रश्नच अर्धा आहे. बाटलीत अजून काय आहे आणि ते किती जणांच्या किती कातडीवर पडतंय, हे विचारल्याशिवाय बशीतल्या पेशींचा अर्थ लागत नाही. जाणकारांनी भर घालावी.

कडक_भाकरी

सर, वाचून माझंच लिव्हर दुखायला लागलं बे. सरळ सांगा, मारायचं का नाही?

भीमाकाठचा

दुखतंय म्हणजे लिव्हर नसेल. लिव्हरच्या आत दुखायच्या नसाच नाहीत, त्याचं आवरण ताणलं गेलं तरच कळतं. हाच तर घोळ आहे, बिचारं बोंबलत नाही. मारायचं का नाही ते तुमच्या शेतातलं गवत आणि तुमचा मजूर बघून ठरवा. खुरपायला बाया मिळत नाहीत हे मला ठाऊक आहे, शहाणपणा शिकवत नाही.

कृषीकेंद्र_माढा

दुकानदाराला शिव्या घालणं सोपं असतं, म्हणून आमची बाजू. गिऱ्हाईक येऊन म्हणतं "जहाल द्या, दोन दिवसांत जळलं पाहिजे." बाटलीवरचं पत्रक काढून देतो, तर ते तिथंच काउंटरवर टाकून जातात. ऑक्टोबर २०२२ मध्ये केंद्रानं आदेश काढला की ग्लायफोसेट फक्त पेस्ट कंट्रोल ऑपरेटरनंच फवारायचं. आता उसाच्या बांधावर हा ऑपरेटर कुठून आणायचा? मी तरी बघितला नाही. कागदावर एक आणि रानात एक.

बाकी सरांनी सर्फॅक्टंटचं लिहिलंय ते बरोबर. वर आमचेच शेतकरी पंपात अजून स्टिकर (पानाला चिकटवणारं द्रव्य) टाकतात, कुणी कपडे धुवायची पावडर टाकतं, कुणी युरिया. म्हणजे बशीत जे होतं त्याच्या पुढचं मिश्रण आपल्याकडं पंपात होतं.

शंकासुर

थोडा विरोधी सूर लावतो.

एक, सर्फॅक्टंट म्हणजे साबणाच्या जातीचा पदार्थ. बशीतल्या उघड्या पेशींवर भांडी घासायचं लिक्विड टाकलं तरी मरतील. त्यातून लिव्हरबद्दल काय सिद्ध झालं? दोन, हेपजी-२ या कॅन्सरच्या पेशी. सायटोक्रोम पी-४५० त्यांच्यात निरोगी लिव्हरच्या मानानं फारच कमी. म्हणजे ज्या कारणासाठी लिव्हर निवडलं तेच कारण बशीत गायब. तीन, या विषयातला फ्रान्समधल्या सेरालिनींच्या गटाचा २०१२ चा उंदरांच्या गाठींचा गाजलेला पेपर जर्नलनं २०१३ मध्ये मागे घेतला होता. तुम्ही ज्या २०१३ च्या कामाचा दाखला दिलात ते त्याच गटाचं ना?

भीमाकाठचा

हो, त्याच गटाचं. मागे घेतलेला पेपर उंदरांचा होता, उंदीर कमी होते आणि निवडलेल्या जातीला म्हातारपणी आपसूक गाठी होतात. तो नंतर २०१४ मध्ये दुसरीकडे छापला गेला, पण माझ्या मते त्यावर काही उभं करू नये. पेशींवरचं काम वेगळं आहे आणि सर्फॅक्टंट जास्त विषारी, हा निष्कर्ष एकट्या त्या गटाचा राहिलेला नाही. युरोपच्या अन्नसुरक्षा संस्थेनं, जी ग्लायफोसेटबाबत बऱ्यापैकी मवाळ आहे, २०१५ मध्ये पीओईए ग्लायफोसेटपेक्षा जास्त विषारी असल्याचं सांगितलं. २०१६ मध्ये युरोपीय संघानं ग्लायफोसेटच्या उत्पादनांतून पीओईए काढायला लावलं. ग्लायफोसेटला मात्र २०२३ मध्ये आणखी १० वर्षांची मुदत दिली. दोन्ही निर्णय शेजारी ठेवून वाचा.

साबणाचा मुद्दा बिनतोड आहे. बशीत रक्तातली प्रथिनं कमी असतात, त्यामुळे सर्फॅक्टंट मोकाट सुटतो. शरीरात तो एवढ्या ताकदीनं लिव्हरपर्यंत पोचत नाही. तो पोचतो ते कुणी बाटली प्यायली तर, आणि तेव्हा घसा, जठर, रक्तदाब, किडनी सगळंच कोसळतं. पी-४५० चाही मुद्दा मान्य. पण ग्लायफोसेट शरीरात फारसं मोडलंच जात नाही, बरंचसं जसंच्या तसं बाहेर पडतं, त्यामुळे त्याच्यापुरता तो आक्षेप जरा सौम्य होतो. ॲट्राझिन या दुसऱ्या तणनाशकासाठी मात्र शंभर टक्के लागू, ते पी-४५० कडूनच मोडलं जातं.

शंकासुर

ठीक. मग माणसांवरचं काही आहे का? बशी आणि उंदीर सोडून.

भीमाकाठचा

दोन सांगण्यासारखी आहेत. २०१९ मध्ये कॅलिफोर्नियातल्या सॅन दिएगोच्या गटानं फॅटी लिव्हरच्या रुग्णांची लघवी तपासली. ज्यांच्या लिव्हरला सूज होती, फायब्रोसिस पुढे गेला होता, त्यांच्यात ग्लायफोसेटचे अवशेष जास्त निघाले. दुसरं २०२३ चं, कॅलिफोर्नियातल्याच सलिनास खोऱ्यातल्या शेतमजुरांच्या मुलांचं. जन्माआधीपासून त्यांचा पाठपुरावा होता. बालपणात ग्लायफोसेटचा तुटून होणारा भाग, एएमपीए, ज्यांच्या लघवीत जास्त होता, त्यांच्यात १८ व्या वर्षी लिव्हरच्या एन्झाइमांत वाढ आणि मेटाबॉलिक सिंड्रोम (पोटाचा घेर, साखर, रक्तदाब, चरबी एकत्र बिघडणं) जास्त दिसला.

दोन्हीत "एक जास्त तिथं दुसरं जास्त" एवढंच दिसतं. आजारी लिव्हरमुळे शरीरातून ते बाहेर टाकणंच बदललं का, खाण्याच्या सवयी वेगळ्या होत्या का, हे त्यातून सुटत नाही. पण नुसतं बशीचं म्हणून झटकताही येत नाही.

रक्ततपासणी

मी लॅबमध्ये आहे, सोलापुरातच. नाव-गाव नको, पण रोजचं सांगते.

फवारणीच्या हंगामात लोक येतात, "मॅडम, औषधाची टेस्ट करा" म्हणतात. त्यांना कुणीतरी कोलिनेस्टरेज सांगितलेलं असतं. ती टेस्ट ऑर्गनोफॉस्फेट आणि कार्बामेट कीटकनाशकांसाठी. तणनाशकांसाठी तिचा उपयोग नाही. पैसे जातात, रिपोर्ट नॉर्मल येतो आणि माणूस निर्धास्त होऊन जातो. तणनाशकाचा अवशेष मोजणारी टेस्ट साध्या लॅबमध्ये होत नाही.

दुसरं, एसजीपीटीसोबत मोजतात ते एसजीओटी एन्झाइम वाढलं म्हणून लिव्हर गेलं असं नसतं. ते स्नायूंतही असतं. दिवसभर उसात मोळ्या उचलून संध्याकाळी रक्त दिलं तर एसजीओटी वर दिसणारच. एसजीपीटी त्या मानानं लिव्हरचं जास्त खरं बोलतं. आणि तेही वाढलं तर तणनाशकाआधी दहा गोष्टी बघायच्या: दारू, फॅटी लिव्हर, हेपॅटायटिस बी आणि सी, टीबीच्या गोळ्या, वैदूची काविळीची मुळी. रिपोर्टवर कुणाचं नाव लिहिलेलं नसतं की हे अमुक औषधानं वाढलं.

म्हणून माझा सल्ला हंगामाच्या आधीच एकदा करून ठेवण्याचा. नंतर वाढलं तर तुलना तरी करता येते. एसजीपीटी, एसजीओटी, बिलिरुबिन, क्रिएटिनिन आणि एकदाच हेपॅटायटिस बी. रक्त सकाळी द्या, आदल्या दिवशी अंगमेहनत नको.

भीमाकाठचा

ताई, हा प्रतिसाद मूळ धाग्याच्या वर पिन करायला हवा.

द्राक्षवाला

अवांतर होईल, पण माझ्या जखमेवरच बोट ठेवलंत. बाग कासेगावच्या बाजूला. शेजारच्या उसात रुंद पानाच्या तणासाठी टू-फोर-डी मारलं, दुपारी वारं सुटलं होतं. सात-आठ दिवसांत माझ्या वेलीची कोवळी पानं पंख्यासारखी गोळा झाली, शिरा एकमेकींना चिकटल्या, शेंडे वाकडे. मणी सेट होणं संपलं. द्राक्षाला या औषधाची किती धास्ती आहे ते बागाईतदाराला विचारा. माझा प्रश्न: जे औषध शेजारच्या शेतातून उडून वेलीचं एवढं वाटोळं करतं, ते माझ्या फुप्फुसात, लिव्हरमध्ये जात नाही का?

भीमाकाठचा

दादा, वाईट झालं. टू-फोर-डी झाडाच्या ऑक्सिन या वाढीच्या संप्रेरकाची नक्कल करतं. वेल बेफाम आणि वेडीवाकडी वाढते आणि त्यातच संपते. माणसात ऑक्सिनचं ते कुलूप नाही, त्यामुळे वेलीवर दिसलेल्या परिणामावरून माणसाचा अंदाज बांधता येत नाही. वेल फार कमी मात्रेला बळी पडते.

लिव्हरच्या पेशींपुरतं सांगायचं तर हेपजी-२ वर २००३ मध्ये प्रसिद्ध झालेलं काम आहे. टू-फोर-डीमुळे पेशींचं विभाजन-चक्र अडतं, मायटोकाँड्रियाच्या पडद्यावरचा विद्युतदाब ढळतो आणि पेशी अपोप्टोसिसला लागतात. वाढ आणि मरण, दोन्हींवर परिणाम. पण त्यासाठीची मात्रा मोठी होती, मिलिमोलरमध्ये. आयएआरसीनं, म्हणजे जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेनं, २०१५ मध्ये टू-फोर-डी कर्करोगाची "शक्यता आहे" या २बी गटात टाकलं. त्याच वर्षी ग्लायफोसेट एक पायरी वर, २ए मध्ये. हे गट पुरावा किती भक्कम ते सांगतात, धोका किती मोठा ते सांगत नाहीत.

उडण्याचं म्हणाल तर एस्टर प्रकार उन्हात वाफ होऊन जास्त उडतो, अमाइन आणि सोडियम क्षार त्या मानानं कमी. द्राक्षाच्या शेजारी एस्टर मारणं म्हणजे भांडण ओढवून घेणं.

कांदेबहाद्दर

आमच्याकडं सगळा कांदा, माल सोलापूर मार्केट यार्डाला. ऑक्सिफ्लोरफेन मारतो लागणीनंतर. त्याचं पण सांगा की सर, का फक्त उसाचीच चर्चा?

भीमाकाठचा

बरं विचारलंत, कारण लिव्हरच्या दृष्टीनं हे ग्लायफोसेटपेक्षा वेगळं प्रकरण आहे. "ते एन्झाइम माणसात नाहीच" हे वाक्य इथं चालत नाही. ऑक्सिफ्लोरफेन ज्या एन्झाइमला अडवतं, प्रोटॉक्स म्हणतात त्याला, ते झाडाला हिरवं द्रव्य बनवायला लागतं आणि आपल्याला रक्तातलं हीम बनवायला. आपलं हीम अस्थिमज्जेत आणि लिव्हरमध्ये तयार होतं. म्हणून प्राण्यांवरच्या चाचण्यांत या औषधाचा मारा मुख्यतः लिव्हर आणि रक्तावर दिसतो. दीर्घकाळ मोठे डोस दिलेल्या उंदरांच्या लिव्हरमध्ये गाठीही आढळल्या. सस्तन प्राण्यांत ते लवकर मोडून बाहेर पडतं, ही जमेची बाजू. पण हात घालून ढवळायचं औषध हे नव्हे. २०२० मध्ये केंद्रानं २७ कीडनाशकांवर बंदीचा मसुदा काढला होता, त्यात ऑक्सिफ्लोरफेन, टू-फोर-डी, ॲट्राझिन आणि पेंडिमेथालिन होतीच.

ओपीडीतून

डॉक्टर आहे, या भागातच. धागा लिव्हरचा आहे, पण पॅराक्वाट या तणनाशकाचा उल्लेख नाही म्हणून राहवत नाही.

गवत दोन दिवसांत जळायला हवं म्हणणाऱ्यांना मिळतं ते बहुधा हेच. पेशीत शिरल्यावर ते एनएडीपीएच या पेशीतल्या रसायनाकडून एक इलेक्ट्रॉन घेतं, ऑक्सिजनला देतं, सुपरऑक्साइड हा जहाल ऑक्सिजन तयार होतो आणि पॅराक्वाट पुन्हा पहिल्यासारखं मोकळं. हे चक्र चालूच राहतं. पेशीला वाचवणाऱ्या ग्लुटाथायोनची शिल्लक संपते, पडद्यांची चरबी जळते. किडनी आणि लिव्हर पहिल्या काही दिवसांत, रुग्णाचे डोळे पिवळे होतात. फुप्फुसं ते ओढून साठवतात, तिथं नंतर फायब्रोसिस. उतारा नाही. गरज नसताना ऑक्सिजन लावला तर नुकसान वाढतं, म्हणून आम्ही तोही हात राखून देतो. युरोपात ते २००७ पासून नाही, केरळनं २०११ मध्ये बंद केलं.

माझ्या हातून गेलेल्यांत चुकून प्यायलेलेही आहेत. कोल्ड्रिंकच्या किंवा दारूच्या क्वार्टरच्या बाटलीत काढून गोठ्यात ठेवलेलं असतं. कृपा करून मूळ बाटलीतून काढू नका आणि कुलपात ठेवा. पोटात गेलं तर मीठ-पाणी पाजून ओकारी काढत बसू नका, पहिल्या तासांना फार किंमत आहे. १०८ ला फोन, नाहीतर मिळेल त्या गाडीनं मोठं हॉस्पिटल, आणि बाटली सोबत आणा. "गवताचं औषध" एवढंच सांगितलं तर आम्ही काय करणार? रुग्ण पहिल्या दिवशी बोलता-चालता असतो, घरचे म्हणतात बरा आहे, घेऊन जातो. नेऊ नका. आणि असं काही मनात घोळत असलेलं कुणी हा धागा वाचत असेल, तर घरातल्या कुणाशी तरी आत्ता बोला, किंवा सरळ ओपीडीत या. त्यासाठी कुणी रागावत नाही.

काविळीबद्दल एक. डोळे पिवळे झाले की आपल्याकडं नाकात थेंब घालणारे, माळ घालणारे गाठले जातात. चार-पाच दिवस तिथंच जातात.

माळशिरसची_सून

इतके प्रतिसाद वाचले, पण पाणी कोण आणून देतं हे कुणी लिहिलं नाही. फवारणारा गडी एक, त्याला बॅरलमधून बादलीनं पाणी काढून देणाऱ्या आम्ही. औषध बऱ्याचदा बाईच ओतते, टोपणानं मोजून. फवारून आलेले कपडे घरच्या सगळ्या कपड्यांत भिजवले जातात. रिकामी बाटली धुऊन तेलाला वापरलेली मी डोळ्यांनी पाहिलीय. मोजे-मास्क द्यायचे झाले तर फवारणाऱ्याला, बाकीच्यांचं काय?

भीमाकाठचा

ताई, तुमच्या यादीतली पहिलीच गोष्ट सर्वांत महत्त्वाची. पंपातलं पाणी ३००० पीपीएम धरलं, पण बाटलीतला माल त्याच्या दीडशेपट तीव्र. ओतणाऱ्याच्या हातावर सांडलेलं टोपणभर औषध हे फवारणाऱ्याच्या पाठीवरच्या लिटरभर गळतीपेक्षा जास्त भरतं. हातमोजे एकच जोड असेल तर तो ओतणाऱ्याला द्या. गरोदर आणि अंगावर पाजणाऱ्या बाईनं बाटलीजवळ जाऊच नये.

कातडीतून शिरलेलं रक्तात मिसळून सगळीकडे फिरतं, तोंडावाटे गेलेलं आधी लिव्हरवर येतं. तोंडावाटे कसं जातं ते आपल्या बांधावर उभं राहून बघा. नोझल तुंबला की काढून तोंडानं फुंकतात. मग त्याच हातानं तंबाखू मळतात, मावा सोडतात, दाढेखाली धरतात आणि अर्धा तास चघळतात. पोरं पंपामागे पैसे घेतात, हात धुवायला थांबलं की एक पंप कमी होतो.

कडक_भाकरी

हे मात्र खरं लगा. आमच्याकडचा गडी तर नोझल फुंकून थुंकतो आणि म्हणतो गोड लागतंय.

कृषीकेंद्र_माढा

बाटलीवरच्या त्रिकोणाचं कुणीतरी लिहा. गिऱ्हाईक हिरवा-निळा बघून म्हणतं हे चालतंय.

भीमाकाठचा

लाल, पिवळा, निळा, हिरवा हा क्रम उंदराला एकदाच पाजलं तर किती मात्रेत निम्मे मरतात यावर ठरतो. किलोला ५० मिलिग्रॅमपर्यंत लाल, ५०० पर्यंत पिवळा, ५००० पर्यंत निळा, त्यावर हिरवा. वर्षानुवर्षं थोडं थोडं अंगावर घेतलं तर लिव्हरचं काय होतं, याबद्दल त्रिकोण काहीच बोलत नाही.

शंकासुर

पटलं. एक राहिलं. त्या अमेरिकन लघवीच्या आकड्यांत शेतकरी ट्रॅक्टरला बूम, म्हणजे नोझलांची आडवी दांडी, लावून फवारत होते ना? आपला गडी पाठीवर पंप, अनवाणी, फवारलेल्या ओल्या गवतातून पुढं चालत जाणारा. त्याला तो ३ पीपीबीचा आकडा लावायचा?

भीमाकाठचा

नाही लावायचा. बहुतेक ट्रॅक्टरवालेच होते ते. आपल्या पाठीवरच्या पंपवाल्याचा आकडा त्याहून वर असणार, किती ते मोजल्याशिवाय बोलता येणार नाही. विद्यापीठ आपल्याकडं आहे, मेडिकल कॉलेज आहे, ऊस तर आहेच. एखाद्या एमएस्सी किंवा एमडीच्या विद्यार्थ्यानं एका गावातल्या फवारणीवाल्यांचं हंगामाआधी आणि नंतरचं एसजीपीटी आणि लघवी तपासली, तर या धाग्यापेक्षा उपयोगाचं काम होईल.

रक्ततपासणी

माझ्याकडून होईल ती मदत. फक्त न फवारणारे तितकेच लोकही घ्या, त्याच गावातले, दारूचं खरं सांगणारे. ते शोधणं अवघड जाईल.

द्राक्षवाला

हातमोजे कोणते घ्यायचे पण? दुकानात मिळतात ते कापडी, दोन मिनिटांत ओले.

भीमाकाठचा

कापडी आणि चामड्याचे नकोतच, औषध शोषून कातडीला धरून ठेवतात. नायट्राइलचे, मनगटाच्या वर येणारे. अक्कलकोट रोड एमआयडीसीत कामाला असलेल्या कुणालाही विचारा, सेफ्टीचं सामान विकणारे सांगतील. काढण्याआधी हातात असतानाच साबणानं धुवायचे. एप्रिल-मेमध्ये आपल्या उन्हात ते घालून दुपारी काम होत नाही हेही खरं, म्हणून फवारणी सकाळी नऊच्या आत उरकायची, वाराही तेव्हा पडलेला असतो. आणि नोझल साफ करायला जुना टूथब्रश पंपालाच दोरीनं बांधून ठेवा.

कडक_भाकरी

टूथब्रशचं मी उद्याच करतो. गड्याला सांगून ठेवतो, तो दात घासायचा नव्हे.